मासा काचेत की हौदात?

सुट्टी लागली की घराघरांत मुलांचा हट्ट सुरू होतो. कुत्रा पाळू, मांजर पाळू, निदान मासे तरी आणू! कुत्र्याला दहा बाय दहाच्या खोलीत जागा नसते, मांजर शेजारणीच्या दुधावर जाते, म्हणून आईवडील शेवटी माशांना होकार देतात. मासा भुंकत नाही, ओरबाडत नाही, जागा अडवत नाही. मग बाजारातून पाण्याने फुगलेल्या पिशवीत दोन लाल मासे घरी येतात, काचेच्या गोल भांड्यात पडतात आणि आठ-पंधरा दिवसांत मरतात. मुले रडतात. मोठी माणसे समजूत घालतात, "मासे नाजूकच असतात."

आम्हाला हे म्हणणे मान्य नाही. ते लाल मासे म्हणजे गोल्डफिश. नीट पाणी मिळाले तर हा मासा दहा वर्षांहून जास्त जगतो आणि वीतभर वाढतो. पंधरा दिवसांत तो मरतो, कारण त्याला त्याच्याच घाणीत कोंडलेले असते.

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. हे विष. निसर्गात त्याचा बंदोबस्त डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. वाळूवर, दगडावर, भिंतीच्या शेवाळावर ते वाढतात. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते त्या मानाने सौम्य असते आणि पाणवनस्पती ते शोषून घेतात. ही सारी व्यवस्था नव्या पाण्यात रुजायला तीन ते सहा आठवडे लागतात. आपण काय करतो? भांडे आज भरतो आणि मासेही आजच सोडतो. पाणी जरा गढुळले की भांडे राखेने नाहीतर साबणाने चकचकीत घासतो, म्हणजे जे थोडे जिवाणू आले होते तेही मोरीत जातात. भगिनींनो, भांडी लख्ख ठेवण्याची आपली सवय चांगली, पण माशाच्या घराला ती चालत नाही.

आता पाण्याचा हिशेब पाहू. गोल भांड्यात चार-पाच लिटर पाणी मावते. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेच्या टाकीत सुमारे ५६ लिटर. अंगणातला चार फूट लांब, तीन फूट रुंद सिमेंटचा हौद दीड फूट भरला तरी ५०० लिटरच्या वर पाणी होते. घाण तेवढीच, पण विष शंभरपट पातळ झाले. शिवाय हवेतला प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून आत उतरतो. हौदाचा पृष्ठभाग बारा चौरस फूट, टाकीचा दोन, आणि गोल भांड्याचे तोंड तर वर निमुळते. जास्त पाणी लवकर तापत नाही, लवकर गारही पडत नाही. म्हणून उघड्यावरच्या हौदात मासा आपल्या चुका सहन करतो. छोट्या भांड्यात एक चूकही त्याच्या जिवावर बेतते.

या अज्ञानावर काही लोकांनी दुकाने थाटली आहेत. फेंगशुई आणि वास्तूच्या नावाखाली सांगतात, घरात नऊ मासे ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. घरावर येणारे संकट काळा मासा आपल्या अंगावर घेतो आणि मरतो, तो मेला की दुसरा आणा. लहान टाकीत नऊ गोल्डफिश कोंबले तर काळाच काय, सगळे मरतील. संकट टळल्याच्या आनंदात माणूस पुन्हा दुकानात जातो, दुकानदाराचे मात्र भले होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांबरोबर दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या काही घरांतही असा काळा मासा फिरताना दिसतो, याचे आम्हाला वाईट वाटते.

फेंगशुईवाले चीनचे नाव सांगतात, तर चीनचीच हकिगत ऐका. गोल्डफिश हा मुळात करड्या रंगाचा साधा नदीतला मासा. त्यात क्वचित एखादा पिवळा-तांबडा निपजे. चीनमधले बौद्ध उपासक असे मासे मारून खाण्याऐवजी विहारांजवळच्या तळ्यांत सोडून देत. जीव सोडण्याची ही करुणेची तळी होती. तिथे ते जगले, वाढले. पुढे सुंग राजवटीत (९६० ते १२७९) हौशी लोकांनी ते मुद्दाम पाळले, आणि मिंग राजवटीच्या काळात ते घरात, भांड्यांत आले. लांब शेपटांचे, फुगीर डोळ्यांचे प्रकार तेव्हापासून वाढले. उघड्या तळ्यात असला अवघडलेला मासा फार दिवस टिकला नसता. म्हणजे आज शोभेची वस्तू म्हणून विकला जाणारा हा मासा मूळचा तळ्यातला, आणि त्याचे प्राण वाचवणारे आपलेच धम्मबांधव होते!

आपल्याकडेही ही दृष्टी जुनी आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक दिवशी मासे मारू नयेत, विकूही नयेत अशी आज्ञा आहे. इथे एखादे चुणचुणीत पोर विचारील, "मग आपण रविवारी बोंबील खातो त्याचे काय?" त्याला रागावू नका. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सांगितले आहे की बुद्धांची अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे. नियम आंधळेपणाने पाळला जातो, तत्त्वात माणसाला विचार करावा लागतो. पोटासाठी खाणे वेगळे आणि हौसेसाठी कोंडून हळूहळू मारणे वेगळे. हा फरक दहा वर्षांच्या मुलाला समजतो, असा आमचा अनुभव आहे.

आता हौद म्हटले की आईच्या मनात पहिली भीती डासांची. ती खरी आहे. डेंगीचा डास घरातल्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पण मासे असलेल्या हौदातल्या अळ्या मासे खाऊन टाकतात. मुंबई महापालिकेचे लोक विहिरींत आणि पडीक टाक्यांत गप्पी मासे सोडतात ते याचसाठी. धोका आहे तो मासे मेल्यावर तसाच सोडून दिलेल्या हौदाचा, आणि त्याच्या शेजारी पडलेल्या टायरचा, करवंटीचा.

दुसरी भीती जास्त मोठी, आणि तिच्याबद्दल आम्ही तडजोड सांगणार नाही. रांगते मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. हौदाचा कठडा अडीच फुटांपेक्षा कमी नको आणि वर लोखंडी जाळीचे झाकण हवेच. त्या जाळीने मांजर, बगळा आणि खंड्याही लांब राहतात, पण ती बसवायची ती आधी मुलासाठी.

पाण्याचे मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच्या वस्तीत आजही कुठे कुठे टँकरपुढे हंडे लावावे लागतात. तिथे माशांसाठी हौद भरणे आम्हाला पटत नाही; मुलाला स्पष्ट सांगावे, आपल्याकडे पाणी नाही म्हणून मासे नाहीत. जिथे नळाला बऱ्यापैकी पाणी येते, तिथे मात्र आमचे मत हौदाच्या बाजूने आहे, आणि तोही घरोघर नव्हे, तर विहाराच्या किंवा सोसायटीच्या आवारात एकच. दर रविवारी वंदनेला येणारी मुले त्याची निगा राखतील. कोणत्या आठवड्यात खाद्य कोणी घालायचे ते फळ्यावर लिहावे, नाहीतर दहा मुले दहादा खाद्य टाकतात आणि पाणी नासते. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य पुरे.

मुंबई-कोकणात असा हौद सोपा. नागपूर, चंद्रपूरकडे उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि भर दुपारी मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात. तिथे हौद झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलीत घ्यावा, वर गोणपाट बांधावे, अर्धा पृष्ठभाग कुमुदाच्या पानांनी झाकू द्यावा. गच्चीवर काळे ड्रम ठेवू नयेत. जुना ड्रम वापरायचाच असेल तर आधी त्यात कोणते रसायन होते ते विचारा. तांब्याच्या भांड्यात तर मासा कधीच ठेवू नये, तांबे त्याला विष आहे.

ज्यांना अंगणच नाही, आणि घरात अंथरुणाला खिळलेले आजोबा किंवा आजारी मूल आहे, त्यांनी टाकी जरूर ठेवावी. तासन्‌तास पाहत बसण्यासारखी ती गोष्ट आहे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात काचेला नाक लावून उभे राहिलेले लोक हे सांगतील. पण दोन फुटांपेक्षा लहान टाकी घेऊ नये, आणि तिच्यात गोल्डफिश नको, त्याला ती अपुरीच पडते. आठ-दहा गप्पी पुरे, तेही फक्त नर. रंग नरांनाच असतो. माद्या आणल्या तर दर महिन्याला बाळंतपण. टाकी माळ्यावर किंवा भिंतीच्या फळीवर ठेवू नका, नुसत्या पाण्याचेच वजन ५६ किलो होते. पाच वॅटचा एअर पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, म्हणजे चौदा लिटर, बदलावे. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच घालावे म्हणजे त्यातले क्लोरिन बरेचसे उडून जाते. काढलेले पाणी फेकू नका, तुळशी-गुलाबाच्या कुंड्यांना ते खत आहे.

आणि कंटाळा आला म्हणून मासे नदी-नाल्यात, तलावात सोडू नका. चिनी उपासकांनी सोडले ते त्यांच्याच नद्यांतले मासे होते. आपल्या बाजारातले बहुतेक मासे परदेशी. शेवाळ खातो म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत बोटाएवढा दिसतो, पुढे फुटाहून मोठा होतो. लोकांनी तो सोडून दिला आणि आता पूर्व कोलकात्याच्या पाणथळ जागांत मासेमारी करणाऱ्यांच्या पोटावर त्याने पाय दिला आहे. त्यांच्या जाळ्यात रोहू-कटल्याऐवजी हा काटेरी मासा येतो आणि जाळे फाडतो. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा विहाराच्या हौदात आणून सोडावा.

हौद बांधणाऱ्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि मासे मरतात, म्हणून दोन-तीन आठवडे हौद भरून, चार-पाच वेळा रिकामा करून मगच त्यात मासे सोडावेत. आणि कठड्याच्या चार बोटे खाली पाणी बाहेर जायला भोक ठेवून त्याला बारीक जाळी बसवावी, नाहीतर जूनच्या पहिल्याच मुसळधार पावसात सगळे गप्पी गटारात जातील.