साध्या पाण्याने जिआर्डिया का मरत नाही?

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नव्हे. पण भारतवारीहून काहींच्या पोटातून येणाऱ्या या पाहुण्याचा हिशेबीपणा मला थक्क करतो.

जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी लहान आतड्यात राहतो. भोवतालचा द्रव पातळ झाला, की पाणी पेशीत शिरून ती फुगते. मग ती साठवलेले अलानिन हे अमिनो आम्ल झटपट बाहेर सोडते. मागोमाग पाणी जाते आणि पेशी पूर्ववत होते. गंमत म्हणजे अलानिन हा तिच्या ऊर्जानिर्मितीतलाच उरलेला माल! ऑक्सिजनवर चालणारी मायटोकाँड्रिया तिच्याकडे नाहीत. ग्लुकोज मोडून पायरुवेट होते, त्यातून अलानिन. टाकाऊ माल गोदामात ठेवायचा, गरज पडली की फेकायचा.

म्हणून 'भरपूर पाणी प्या, धुऊन जाईल' हे खरे नव्हे. जुलाबात पाणी प्यावेच, पण ते शरीरातली तूट भरण्यासाठी. जिआर्डियाचे कवचधारी रूप थंड पाण्यात कित्येक आठवडे टिकते, क्लोरिनलाही सहज दाद देत नाही. तिकडे पाणी खळखळ उकळूनच प्यावे. पोटफुगी आणि तेलकट, दुर्गंधीयुक्त जुलाब आठवडाभर थांबले नाहीत, तर डॉक्टरांना प्रवासाचे आवर्जून सांगा आणि जिआर्डियासाठी शौचतपासणी करायची का, हेही विचारा.