सहीपुरते अब्बा नकोत

कोकणातील मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. या मसलकात मुलीच्या निकाहाला वली लागतो आणि पहिला हक्क वडिलांचा असतो. त्यामुळे तलाकनंतर वर्षानुवर्षे न फिरकलेल्या अब्बांचे नाव निकाह ठरताच घरात निघते. कधी तेही पुन्हा जवळ येऊ पाहतात. अशा वेळी आपण सारे लेकीलाच समजावतो : अब्बा आहेत, माफ कर.

सूरह लुकमान (31:15) सांगते की, आईवडील शिर्कसाठी दबाव आणत असतील तर ते ऐकू नये, तरीही दुनियेत त्यांच्याशी भलेपणाने वागावे. लेकीचे हे कर्तव्य आहेच. पण सूरह तलाक (65:7) वडिलांना ऐपतीप्रमाणे खर्च करायला सांगते, याची आठवण त्यांना कोण देणार? तलाकने नवरा-बायकोचे नाते संपते, बाप-लेकीचे नाही.

म्हणून अब्बांनी निकाहाच्या दिवशी नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी यावे. सबबी न सांगता चूक कबूल करावी. एकटीने मुलीला वाढवणाऱ्या अम्मीचा मान राखावा. थकवलेला खर्च जमेल तितका द्यावा आणि लेकीच्या उत्तराची वाट पाहावी. वडीलधाऱ्यांनी मध्यस्थी जरूर करावी, सक्ती करू नये.

लेकीनेही एक गोष्ट लक्षात घ्यावी. बुखारी शरीफमधील हदीसनुसार खरी सिलारहमी परतफेडीत नाही, तुटलेले नाते जोडण्यात आहे. तिने सलामाला जवाब द्यावा. विश्वास बसायला वेळ लागला, तर तो तिचा गुन्हा नाही.