उत्तराची वाट न पाहणारा प्रोग्राम

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते, आणि क्लिक किंवा टंकलेखन यांची दखल घेण्याचे कामही त्याच रांगेत असल्यामुळे, सर्व्हरकडे माहिती मागून ती थांबून राहिली तर उत्तर येईपर्यंत सगळे पान गोठते. म्हणूनच विनंती असिंक्रोनस पद्धतीने, म्हणजे उत्तरासाठी न थांबता, पाठवली जाते. 1999 मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर 5 सोबत या कामाचा घटक आला, तो मायक्रोसॉफ्टने आउटलुकच्या वेब-आवृत्तीसाठी घडवला होता. त्याचे सामर्थ्य सामान्य वापरकर्त्यांना जाणवले ते मात्र 2004 मधील जीमेल आणि 2005 मधील गूगल मॅप्स यांमुळे.

विनंती पाठवताना प्रोग्रामर ब्राउझरच्या स्वाधीन एक फंक्शन करतो आणि उत्तर आल्यावर ते चालवण्यास सांगतो. या फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. उत्तर पोहोचले तरी कॉलबॅक हातातल्या कामात घुसत नाही, तर रांगेत उभा राहतो आणि चालू काम संपल्यावरच त्याची पाळी येते. परिणामी विनंतीच्या खाली लिहिलेली ओळ आधी चालते आणि वर लिहिलेला कॉलबॅक मागाहून. नवशिके बहुधा येथेच फसतात, कारण ते कॉलबॅकच्या बाहेर, पुढच्याच ओळीत निकाल वापरू पाहतात आणि तेथे तो अद्याप आलेलाच नसतो. निकालावर अवलंबून असलेले प्रत्येक काम कॉलबॅकच्या आतच करावे लागते, किंवा तेथूनच पुढे सोपवावे लागते.

अपयशाचीही तऱ्हा एकच नसते. मागितलेली गोष्ट सापडली नाही असे सांगणारा 404 हा संकेतांक सर्व्हरचे रीतसर उत्तरच असतो, तर जोडणी तुटल्यास उत्तरच येत नाही. दोन्हींची तजवीज वेगळी करावी लागते. 2009 मध्ये आलेल्या, ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसच्या जगात तर कॉलबॅकचे पहिले मूल्य त्रुटीसाठी राखण्याचा संकेतच रूढ झाला.

कॉलबॅकची बदनामी झाली ती मात्र एकाच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा अशा रचनेमुळे, जिच्यात कोणती त्रुटी कोणी हाताळायची हेच कळेनासे होते. 2015 मध्ये प्रमाण भाषेत आलेल्या प्रॉमिसने, म्हणजे पुढे मिळणाऱ्या निकालाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या वस्तूने, आणि 2017 मधील असिंक-अवेट या रचनेने हा गुंता पुष्कळ सोडवला. तरी त्याहून अवघड असा क्रमाचा प्रश्न त्यांनी आपोआप सुटत नाही. शोधचौकटीत कोणी ‘पु’ आणि लगेच ‘पुणे’ टंकित केले, तर दोन विनंत्या जातात आणि पहिलीचे उत्तर दुसरीच्या नंतरही येऊ शकते. अशा वेळी चौकटीत ‘पुणे’ आणि खाली ‘पु’च्या सूचना दिसतात. त्यामुळे प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन, आलेले उत्तर शेवटच्या विनंतीचे नसल्यास ते टाकून द्यावे लागते, किंवा नवी विनंती पाठवण्यापूर्वी जुनी रद्द करावी लागते.