माशासाठी अडलेले आवर्तन

सभासद बंधूंनो, पाटाचे आवर्तन आठ दिवस लांबले तर गट ऑफिसात काय गलका होतो, हे आम्हांस नवे नाही. पण अख्ख्या हंगामाचे पाणी माशांपायी अडले असे सांगितले, तर आपण आम्हांला वेड्यात काढाल.

अमेरिकेत ऑरेगॉन व कॅलिफोर्निया राज्यांच्या हद्दीवर क्लॅमथ हा सरकारी पाटबंधारे प्रकल्प आहे. भिजणारे क्षेत्र सुमारे २ लाख एकर. पिके बटाटा, कांदा, बार्ली, लसूणघास. दोन्ही महायुद्धांनंतर सरकारनेच सैनिकांना चिठ्ठ्या टाकून येथे जमिनी दिल्या. एप्रिल २००१ मध्ये, दुष्काळी साली, बहुतेक शेतकऱ्यांना पाणी मिळणार नाही असे त्याच सरकारने जाहीर केले. मे महिन्यात हजारो माणसे रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या देत निषेधाचे पाणी कालव्यात ओतले. जुलैत थोडे पाणी सुटले, पण तोवर हंगाम हातचा गेला होता.

हा मासा म्हणजे 'सकर'. (उजनीच्या जाळ्यात अलीकडे येणारा खवखवीत अंगाचा 'सकर' तो हा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेचा, लोकांच्या काचपेटीतून सुटलेला.) क्लॅमथच्या वरच्या उथळ तळ्यात त्याच्या दोन जाती आहेत. तेथील आदिवासी त्यांना च्वाम आणि कोप्तू म्हणतात.  च्वाम पन्नास वर्षांहूनही अधिक जगतो, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ सभासदांच्या सभासदत्वाहून जास्त! वसंतात तो विल्यमसन व स्प्रेग या नद्यांत चढून स्वच्छ खडी-गोट्यांत अंडी घालतो. पिल्ले रात्री प्रवाहाबरोबर तळ्यात उतरतात आणि काठच्या लव्हाळ्यात दडतात.

घोटाळा इथेच आहे. पिल्ले निपजतात, पण मोठी होत नाहीत. काठची पाणथळ राने बांध घालून, निचरा करून शेतीखाली आणली. तेथली माती मुळातच स्फुरदाची, त्यात चराऊ रानांची माती वाहून आली. स्फुरद मातीला चिकटून जातो, हे आपणांस खताच्या मात्रेवेळी आम्ही सांगतोच. मोकाट पाण्याने माती गेली की पैशाचे खतही गेले. तळ्यात त्या स्फुरदावर उन्हाळ्यात शेवाळ माजते. ते मेले, कुजले की पाण्यातला प्राणवायू संपतो. १९९५, ९६ व ९७ अशी लागोपाठ तीन वर्षे मोठे मासे थव्याने मेले. आज तळ्यात उरलेत ते बहुतेक म्हातारेच.

दोन्ही जाती १९८८ साली संकटग्रस्त ठरल्या, आणि कायद्याने तळ्याची पातळी राखणे आले. आमचे मत विचाराल तर शेतकऱ्याचा राग खोटा नव्हता. पण आदिवासींनी त्याआधीच, १९८६ साली, आपली मासेमारी स्वतःहून थांबवली होती, हेही धरले पाहिजे. शिवाय नुसती पातळी राखून स्फुरद कमी होत नाही, हे कोणताही शेतकी माणूस सांगेल.

पुढे कामे झाली. पिल्ले पाटात ओढली जाऊ नयेत म्हणून २००३ मध्ये मुख्य कालव्याच्या तोंडाशी जाळी बसली. २००७ मध्ये विल्यमसनच्या मुखाचे बांध सुरुंग लावून फोडले व शेतजमीन पुन्हा पाण्याखाली दिली. २००८ मध्ये स्प्रेगवरील चिलोक्विन बंधारा काढला. तरी २०२१ च्या दुष्काळात तोच कालवा पुन्हा कोरडा राहिला.