न जुळलेलं रक्त

मे १९५२ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा लेख छापून आला. त्याच्या सात लेखकांपैकी पहिली तीन नावं मुंबईची होती: भेंडे, देशपांडे आणि भाटिया. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात जे घडत होतं, त्याने रक्तगटांचं शास्त्र एक पायरी खाली, आणखी मुळाशी नेलं.

रुग्णाला रक्त देण्याआधी रक्तपेढीत क्रॉसमॅच करतात. दात्याच्या लालपेशी रुग्णाच्या सीरममध्ये मिसळायच्या आणि गुठळ्या होतात का ते पाहायचं. रोजचं काम. पण काही माणसांच्या बाबतीत विलक्षणच घडू लागलं. त्यांचं रक्त तपासणीत ‘ओ’ गटाचं दिसे, आणि ‘ओ’ दात्याच्या पेशी त्यात पडल्या की गुठळ्या! ‘ए’ चालेना, ‘बी’ चालेना, आणि सगळ्यांना चालतं म्हणून शिकवलं जाणारं ‘ओ’सुद्धा चालेना.

‘जुळत नाही’ असा शेरा मारून दुसरी बाटली शोधता आली असती. पण या रुग्णालयाला १९२६ पासून सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज जोडलेलं आहे. वैद्यकीय शिक्षणातल्या वरच्या जागा इंग्रज अधिकाऱ्यांकडे असण्याच्या त्या काळात, इथले अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घालून देणगी मिळाली आणि हे कॉलेज उभं राहिलं. डॉ. वाय. एम. भेंडे तिथल्या पॅथॉलॉजीतले. न जुळणारं रक्त हाच त्यांनी अभ्यासाचा विषय केला, आणि लंडनचे रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे रक्तगटांतले जाणकार त्यात सहभागी झाले.

उत्तर थक्क करणारं होतं. लालपेशीवर ‘एच’ नावाचा एक घटक असतो. घराचं जोतंच म्हणा ना. त्यावर एक विशिष्ट साखर चढली की ‘ए’, दुसरी चढली की ‘बी’, आणि काहीच चढलं नाही, नुसतं जोतं राहिलं, की ‘ओ’. या माणसांच्या पेशींवर जोतंच नव्हतं! त्यामुळे ‘एच’ त्यांच्या शरीराला परका वाटे, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं रक्तात तयार असत, आणि ‘एच’ सगळ्यात जास्त असतो तो ‘ओ’ रक्तावरच. सर्वांत सुरक्षित मानलेली बाटली त्यांच्यासाठी सर्वांत घातक ठरणारी होती.

या गटाला ‘बॉम्बे’ नाव पडलं. मुंबईच्या परिसरात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. म्हणून मला या कथेत केईएमच्या गर्दीचंही मोल वाटतं. ओपीडीसमोर पहाटेपासून लागणाऱ्या रांगांनीच इतकी दुर्मीळ गोष्ट डॉक्टरांच्या नजरेसमोर आणली.

आणि ते ज्ञान रुग्णाकडे परत आलं, तेही किती साध्या रूपात! ‘ए’ आणि ‘बी’ पेशी घालून सीरम तपासलं तरी बॉम्बे गटाचा माणूस ‘ओ’च भासतो. सोबत ‘ओ’ पेशींची एक जादा नळी लावली की मात्र तो लगेच ओळखू येतो. पॅथॉलॉजीचे विद्यार्थी ही नळी का लावायची ते शिकतात, आणि शिकून जिथे जातील तिथे लावतात. शोध, शिकवणं आणि उपचार यांना वेगवेगळी खाती समजणाऱ्यांनी ही एक नळी जरूर पाहावी.

केईएममध्ये असं आधीही घडलं होतं आणि नंतरही घडलं. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि आपल्याकडची जुनी मुळी जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत पोहोचली. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांनी परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांबरोबर काम केलं आणि केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली.

पण बॉम्बे गटाचं गूढ इथेच संपत नाही. अशा माणसात ‘ए’ किंवा ‘बी’चा जनुक असू शकतो, जोतंच नसल्याने तो दिसत नाही, इतकंच. तो मुलांत उतरतो, आणि ‘ओ’ समजल्या गेलेल्या आईच्या पोटी ‘बी’चा वारसा असलेलं मूल जन्मतं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका कुटुंबात हे पाहिलं गेलं. ‘एच’ची उणीव आई आणि वडील दोघांकडून आली तरच माणूस बॉम्बे गटाचा होतो. म्हणून असा रुग्ण सापडला की डॉक्टर आधी त्याच्या भावंडांचं रक्त तपासायला सांगतात: आईवडील दोघंही नुसते वाहक असले, तर प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट निघण्याची शक्यता चारात एक असते.