तीन राजे आणि एक सत्ती

आपल्यापैकी बहुतेकांचे पत्त्यांचे शिक्षण गणपतीच्या जागरणात आणि मे महिन्याच्या सुटीत झाले. बदाम सात, मेंढीकोट, रमी, आणि वडीलधारी मंडळी झोपल्यावर तीन पत्ती. पोकर मात्र मी इथे न्यू जर्सीत आल्यावर सहकाऱ्यांकडून शिकलो. आता महिन्यातून एकदा आम्ही सहा-सात मराठी मित्र एकाच्या बेसमेंटमध्ये बसतो. खेळ बेताचा. घरी ठरलेली माझी मर्यादा २०० डॉलर. ते संपले की उठायचे.

गेल्या डिसेंबरात यजमान मित्राचे सासरे सांगलीहून आले होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत होतो. "मलाही शिकवा की," म्हणून तेही बसले, आणि त्यांनी मला एका डावात १६० डॉलरना धुतले. दोन आठवडे मी ज्याला त्याला माझे दुर्दैव ऐकवत होतो. शेवटी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो, तेव्हा निराळेच काही दिसले. तेच इथे मांडतो.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन बंद पत्ते मिळतात. मध्ये सर्वांसाठी पाच पत्ते उघडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचा एक. सातांतून उत्तम पाच ज्याचे, तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, नाहीतर पत्ते टाकायचे.

मला दोन राजे आले. मी १० डॉलर लावले. बाकीचे उठले, काका राहिले. सक्तीचा एक डॉलर धरून मध्ये २१ जमले. उघडलेले तीन पत्ते: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. म्हणजे माझे तीन राजे! मी १५ लावले, काकांनी दिले. चौथा पत्ता किलवर छक्की. मी ३५ लावले, काकांनी तेही दिले. मध्ये १२१. पाचवा पत्ता बदाम सत्ती. आता काकांनी समोरचे सगळे, म्हणजे १०० डॉलर, पुढे सरकवले. मी बराच वेळ कपाळ चोळले आणि १०० दिले. काकांनी नव्वी आणि पंजी टाकली. पाच, सहा, सात, आठ, नऊ: सिक्वेन्स. माझे तीन राजे गारद.

आता हिशेब. छक्की पडल्यावर काकांना वाचवणारा पत्ता एकच, सत्ती. न दिसलेल्या ४४ पत्त्यांत सत्त्या चार, म्हणजे ११ वेळांत एकदा. त्यांनी ३५ देऊन मधले ८६ आणि माझे पुढचे १०० मिळवले. हाच प्रसंग ११ वेळा आला तर ते दहादा ३५ हरतील, म्हणजे ३५०, आणि एकदा १८६ जिंकतील. याचा अर्थ त्यांनी ३५ दिले तेव्हा चूक त्यांची होती आणि फायदा माझा. सत्ती पडली म्हणून माझी खेळी चुकीची ठरत नाही. निकालावरून निर्णयाची किंमत करू नये, हा पोकरचा पहिला धडा. इथवर माझे रडगाणे खरे होते.

पण शेवटचे १०० देणे? मला १०० देऊन २२१ मिळायचे होते. म्हणजे साधारण ३१ टक्के वेळा जिंकलो तरी बरोबरी. टेबलावर तीन बदाम होते, सिक्वेन्सही दिसत होता. तरी मी दिले, कारण मनात म्हणालो, "काकांचा काय नेम? काहीही असेल."

१९४४ साली इथल्याच प्रिन्स्टनहून जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांचा गेम थिअरीवरचा ग्रंथ निघाला. त्यात पोकरवर स्वतंत्र विवेचन आहे, आणि अधूनमधून हलक्या पत्त्यांवर मोठी रक्कम लावणे, म्हणजे ब्लफ, गणितानेही योग्य असते हे त्यात दाखवले आहे. एवढ्या अर्ध्या ज्ञानावर मी काकांवर ब्लफचा संशय घेतला. पण समोरचा घाबरून पत्ते टाकेल, या हिशेबाने माणूस ब्लफ करतो. स्वतः क्वचितच पत्ते टाकणाऱ्या काकांच्या मनात तो हिशेब येईल कसा? तीन तासांत ते जवळजवळ प्रत्येक वेळी पैसे देत होते, पण आपणहून मोठी रक्कम त्यांनी दोनदाच लावली होती, आणि दोन्ही वेळा पत्ते खरे निघाले होते. म्हणजे देताना काकांचा नेम नव्हता. लावताना मात्र पक्का होता. मी दोन्हींना एकच नाव दिले आणि पाहायचे थांबवले.

खरी गंमत पुढेच आहे. डाव संपल्यावर मी विचारले, "काका, तीन बदाम दिसत होते. कलरची भीती नाही वाटली?"

"कलरची कसली भीती? सिक्वेन्सपुढे कलर चालतो होय?"

काका तीन पत्ती खेळत होते! तीन पत्त्यांचे २२,१०० हात होतात; त्यांत सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६, म्हणून सिक्वेन्स मोठा. पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणून तिथे कलर मोठा. शिवाय ब्लाइंड खेळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला लवकर पॅक होणे भित्रेपणाचे वाटते. काकांची प्रत्येक चाल नियमाला धरून होती. नियम दुसऱ्या खेळाचे होते.

आणि मी तरी? तीन पत्तीत तीन सारखे पत्ते अवघे ५२ हातांत येतात, त्यांच्यावर काहीच नाही. पोकरमध्ये तेच ५४,९१२ हातांत येतात आणि सिक्वेन्सखाली बसतात. हे मला पाठ आहे. पण तीन राजे हातात असताना ते टाकायचे, हे लहानपणी शिकलेल्या हाताला पटले नाही.

कागदावर एवढे झाले तरी एक रक्कम उरली होती. त्या डावानंतर माझ्याकडचे ४० दोन डावांत गेले, आणि मी घरची मर्यादा मोडून आणखी २०० च्या चिप्स घेतल्या. त्याही पहाटेपर्यंत संपल्या. घरी आल्यावर बायकोला मी सत्तीची गोष्ट रंगवून सांगितली होती, या २०० ची नाही. कागद तिच्यापुढे ठेवला तेव्हा तिने तो शांतपणे वाचला आणि विचारले, "पहिले तर काकांनी घेतले. दुसरे २०० कोणी घेतले?"

त्याला माझ्याकडे टक्केवारी नव्हती. सत्ती नशिबाची होती, शेवटचे १०० चुकीच्या वाचनाचे, आणि हे २०० फक्त रागाचे.

मार्चमध्ये काका सांगलीला परतले. जाताना म्हणाले, "पुढच्या वर्षी येतो, तोवर तुमचे नियम पाठ करतो." मी अजूनही महिन्यातून एकदा बसतो, पण आता खिशात २०० च असतात, आणि बाकीचे पाकीट घरी, तिच्याकडे.