बी, अंकुर आणि प्लाझ्मा

आपले चोपडे गाव शापोरा नदीच्या काठी वसलेले. भरतीचे खारे पाणी बांधापर्यंत येते आणि बांधाच्या आत खाजन जमीन. तेथे बियाण्याचे मोल शेतकऱ्याला निराळे सांगावयास नको. पावसाने मातीतील मीठ धुऊन नेले की कोरगुटासारखे भात पेरावयाचे. ते नीट रुजले नाही तर वेळ हातची जाते, आणि वेळ गेली की हंगामही गेला. बी लवकर व एकसारखे रुजावे यासाठी शास्त्रज्ञांनी एक नवी युक्ती शोधली आहे. तिची थोडक्यात ओळख येथे करून देत आहे.

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकतो. वायूला पुरेशी विद्युत्शक्ती दिली की त्याच्या अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. ही चौथी अवस्था म्हणजे प्लाझ्मा. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ लँगम्यूर यांनी १९२८ साली दिले. आकाशातील वीज हा अतितप्त प्लाझ्मा. पण ट्यूबलाइटच्या नळीतही प्लाझ्माच असतो, आणि ती नळी वितळत नाही. बियाण्यासाठी वापरतात तो असाच थंड प्लाझ्मा.

कमी दाबाच्या बंद पात्रात बी ठेवून त्यावर काही मिनिटे हा प्लाझ्मा सोडतात. त्याने मुख्यतः तीन गोष्टी घडतात. बियाच्या टरफलाचा पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणात झिजतो व पाणी लवकर शोषले जाते. पृष्ठभागावरील बुरशी व जंतू कमी होतात. शिवाय प्लाझ्मात तयार होणारे ऑक्सिजन व नायट्रोजनचे क्रियाशील कण झोपी गेलेल्या बीजाला जणू जागे होण्याची खूण देतात.

मुंबईत माटुंगा येथील इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी मुगावर असा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले. प्लाझ्मा दिलेल्या मुगाला मोड येताना त्यातील अमायलेज, प्रोटिएज इत्यादी विकरांचे कार्य वाढलेले आढळले. अमायलेज हे विकर दाण्यातील पिठाची साखर करते आणि त्या साखरेवर कोंब वाढतो. म्हणजे आपल्या माउली ओल्या फडक्यात मूग बांधून जे घडवितात, त्याच क्रियेला येथे वेग मिळतो.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्लाझ्मा जिवंत बियाचे दार उघडतो. मेलेल्या बियात प्राण घालीत नाही. मात्रा अधिक झाली तर चांगले बीही बिघडते, आणि मुगाला मानवलेली मात्रा भाताला मानवेलच असे नाही. शिवाय पात्रात कोंब जोमाने आला म्हणून शेतात पीक वाढेलच, असेही म्हणता येत नाही.

तोवर आपल्या हाती एक बिनखर्चाची परीक्षा आहे. पेरणीपूर्वी न निवडता शंभर दाणे घ्यावेत, ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ओलसर ठेवावेत व किती रुजले ते मोजावे. ऐंशीच रुजले, तर बियाणे त्या मानाने अधिक घ्यावे. निम्मेही रुजले नाहीत, तर ते बी पेरूच नये. हे काम घरातील शाळकरी मुलांकडे सोपवावे. त्यांना शास्त्राचा पहिला धडा मिळेल आणि वडीलधाऱ्यांचा हंगाम वाचेल.

यंत्र आपल्या गावी येईल तेव्हा येवो. मोजून, पारखून पाहण्याची दृष्टी मात्र आजच येऊ शकते.